ग्रंथपालाची कन्या

अमेरिकेतील ऱ्होड आयलंड या चिमुकल्या राज्याच्या विद्यापीठात एक बंगाली गृहस्थ ग्रंथपाल होते. कलकत्त्याहून लंडन आणि लंडनहून अमेरिका असा त्यांचा प्रवास झाला. त्यांची कन्या १९६७ साली लंडनमध्ये जन्मली. नाव नीलांजना सुदेष्णा. परंतु शाळेतील शिक्षिकेला ते जड वाटले आणि घरातील लाडाचे नावच रूढ झाले. झुंपा लाहिरी हे ते नाव.

लाहिरींच्या कथांमागे एक कायदा उभा आहे. १९४६ च्या कायद्याने भारतीयांना अमेरिकेत वर्षाला अवघ्या शंभर जणांपुरती वाट मोकळी होती. १९६५ साली राष्ट्राध्यक्ष लिंडन जॉन्सन यांनी स्वाक्षरी केलेल्या कायद्याने देशवार कोट्याची ती पद्धत मोडली आणि डॉक्टर, अभियंते, संशोधक यांच्यासाठी दार उघडले. मॉरिशस वा त्रिनिदादला गेलेल्या गिरमिटियांसारखे हे स्थलांतर जथ्याने झाले नाही. एकेक शिकलेला तरुण गेला, मागाहून नवपरिणीत पत्नी गेली, आणि दुपारच्या निःशब्द घरात तिचा एकटेपणा सुरू झाला. तो कोणत्याही जनगणनेत नोंदलेला नाही.

'इंटरप्रिटर ऑफ मॅलडीज' (१९९९) या पहिल्याच संग्रहाला २००० सालचे पुलित्झर पारितोषिक मिळाले. त्यातील मिसेस सेन एका अमेरिकन मुलाला सांभाळते आणि जमिनीवर बसून विळीवर भाजी चिरते. लग्नघरी शेजारणी आपापल्या विळ्या घेऊन जमतात, रात्रभर गप्पा मारीत भाजी चिरतात, हे ती त्या मुलाला सांगते. विळी बंगाली असो वा मराठी, त्या रात्रीचा कलकलाट आपल्याला वेगळा समजावून सांगावा लागत नाही; त्या मुलाला मात्र लागतो. दुसरी कथा १९७१ सालची. ढाक्याचे पीरजादा पत्नी आणि सात मुली मागे ठेवून अमेरिकेत आले आहेत. खिशातले घड्याळ ढाक्याच्या वेळेवर आहे. त्यांची काळजी वाटणारी छोटी लिलिया शाळेच्या ग्रंथालयात पाकिस्तानवरचे एक पुस्तक उघडते. अभ्यासाचा विषय अमेरिकन क्रांती असल्याने बाई ते काढून घेऊन पुन्हा फळीवर ठेवतात. बाई दुष्ट नाहीत, शिस्तीच्या आहेत. पण मुलीला हवे असलेले एकमेव पुस्तक तिच्या हातून जाते. संग्रहातील अखेरच्या कथेचा नायक तर ग्रंथालयातच नोकरी करतो. चंद्रावर माणूस उतरला त्या दिवशी तो बॉस्टनला येतो आणि एका शतायुषी वृद्धेच्या घरी भाडेकरू राहतो. या कथेत लाहिरींच्या वडिलांची छाया स्पष्ट दिसते.

'द नेमसेक' (२००३) ही कादंबरी नावाभोवती फिरते. पणजीने सुचविलेले नाव टपालात गहाळ होते आणि अमेरिकेत जन्मलेल्या बंगाली मुलाला गोगोल हे रशियन नाव चिकटते. मीरा नायर यांच्या चित्रपटामुळे ती अधिक गाजली; कथांची धार मात्र तिला सर्वत्र नाही.

खरा पेच भाषेचा आहे. लाहिरी बंगाली बोलतात. वाचणे-लिहिणे मात्र त्यांना सहज साधत नाही. एका भाषेला त्यांनी आई मानले, इंग्रजीला सावत्र आई. २०१२ साली त्या सहकुटुंब रोमला गेल्या, २०१५ साली त्यांचे पहिले इटालियन पुस्तक निघाले, आणि २०१८ ची आपली इटालियन कादंबरी त्यांनी २०२१ साली स्वतःच इंग्रजीत आणली. याला कोणी पलायन म्हणेल. तसे म्हणणे अन्यायाचे होईल. जी भाषा वारसाहक्काने आली नाही, तिच्यात निदान कोणाचे देणे नसते. इंदूर, बडोदे, बेळगाव येथील मराठी घरांतही जेवताना मराठी बोलणारी आणि छापील पानापाशी अडखळणारी नातवंडे आहेत. त्यांच्या आजोबांना हा पेच नवा वाटणार नाही.

बॉस्टन विद्यापीठात शिकत असताना लाहिरींनी प्रबंधासाठी आशापूर्णा देवींच्या सहा कथा इंग्रजीत आणल्या. मूळ पुस्तक हाती होते. पण वाचन सहज होईना. तेव्हा आईने त्या कथा मोठ्याने वाचल्या, ध्वनिफितीवर उतरवल्या, आणि लेकीने त्या कानांनी वाचल्या.