सोळा आणे, शंभर पैसे आणि नाशिकचा गुंठा

1 एप्रिल 1957 रोजी देशभरच्या टपाल कचेऱ्यांत नवी तिकिटे आली. ती छापली होती नाशिकरोडच्या सिक्युरिटी प्रेसमध्ये. तिकिटावर भारताचा नकाशा होता आणि किंमत आण्यांऐवजी नव्या पैशांत. त्या दिवसापासून रुपयाचे शंभर भाग झाले, आणि सव्वासहा पैशांचा आणा लोकांच्या डोक्याला ताप होऊन बसला.

सरकारी तक्त्याने अपूर्णांक पूर्ण पैशांत बसवले: एक आणा म्हणजे 6 नवे पैसे, दोन आणे 12, तीन आणे 19, चार आणे 25. त्यामुळे आण्याची वस्तू चार वेळा वेगवेगळी घेतली तर 24 पैसे लागत आणि एकदम घेतली तर 25! गंमत म्हणजे नकाशाच्या त्या मालिकेत 12 पैशांचे तिकीटच नव्हते, होते ते 13 पैशांचे.

जुनी पद्धत मात्र अडाणी नव्हती. रुपयाचे नाणे हेच वजन होते: 180 ग्रेनचा, म्हणजे 11.66 ग्रॅमचा तोळा, 80 तोळ्यांचा शेर, 40 शेरांचा मण. शेराचे निम्मे अच्छेर, त्याचे निम्मे पावशेर, त्याचे निम्मे नवटाक. निम्मे-निम्मे करत जाण्याचा हा हिशेब तराजूला सोयीचा. शाळेतली मुले त्यासाठीच पावकी, निमकी, दीडकी आणि थेट साडेतीनची औटकी घोकत. अडचण होती ती मापांची. धान्याचा शेर मापून देत, आणि माप तेच असले तरी त्यात मावणाऱ्या बाजरीचे आणि तांदळाचे वजन सारखे भरत नसे. शिवाय गाव बदलले की पायलीही बदलायची.

1956 च्या कायद्याने हा गोंधळ मिटवायला घेतला. ऑक्टोबर 1958 पासून काही भागांत आणि धंद्यांत किलोची वजने आली; 1 एप्रिल 1962 पासून व्यवहारात ती सक्तीची झाली. शेर 933 ग्रॅमचा, म्हणून पावशेर 233 ग्रॅमचा. आज भाजीवाल्याकडे पावशेर मागितली की 250 ग्रॅम मिळते, त्यात गिऱ्हाइकाचे काही जात नाही. सोन्याचे तसे नाही. आजीच्या जुन्या पावतीवरचे पाच तोळे म्हणजे सुमारे 58 ग्रॅम; आज सराफ बाजारात पाच तोळे म्हटले की 50 ग्रॅम.

जमिनीत तर दोन्ही काळ अजून शेजारी नांदतात. नाशिकच्या द्राक्षबागेचा सातबारा हेक्टर-आरमध्ये असतो, सौदा मात्र एकरात आणि गुंठ्यात ठरतो. गुंठा म्हणजे 33 फूट लांब, 33 फूट रुंद, 1,089 चौरस फूट. त्याचेही आणे सोळाच. आर 100 चौरस मीटरचा, साधारण 1,076 चौरस फुटांचा. फरक इतका थोडा, की बोलण्यात दोन्ही एकच धरले जातात. पण एकर 40 गुंठ्यांचा असला तरी आर भरतात 40.47. चाळीस आरांना एकर समजून पैसे मोजणाऱ्याची सुमारे 504 चौरस फूट जमीन कागदावरच जाते. शहरालगतच्या जमिनीत तेवढ्यात दोन खोल्या उभ्या राहतात. तेव्हा इसार देण्याआधी सातबाऱ्यावरचे आर घ्या, 100 ने गुणा, 101.17 ने भागा आणि मगच गुंठ्याचा भाव बोला.