सात मजली विमान

महाडहून रायगडाकडे निघालं की वाटेत नाते लागतं. रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर चिंतामणराव देशमुख यांचा जन्म इथला, १४ जानेवारी १८९६ चा. पुढचं अर्थमंत्रिपद आणि मुंबईच्या प्रश्नावर १९५६ साली दिलेला राजीनामा यांमुळे ते मराठी माणसाच्या लक्षात राहिले. पण हेच गृहस्थ १९१२ च्या मॅट्रिकला संस्कृतची जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ती पटकावतात, केंब्रिजला जाऊन वनस्पतिशास्त्र, रसायनशास्त्र आणि भूगर्भशास्त्र शिकतात आणि कालिदासाचं ‘मेघदूत’ मराठी पद्यात आणतात, हे फारसं कोणाच्या ध्यानात नसतं. अवकाश, अवकाशपट आणि यानांच्या प्रतिकृती यांत रमणाऱ्यांनी या ‘मेघदूता’कडे एकदा वळायला हरकत नाही. कारण त्यात ‘विमान’ हा शब्द आहे, आणि तिथलं विमान उडत नाही.

प्रसंग अलका नगरीतला. वाऱ्याच्या मागोमाग ढग तिथल्या उंच वाड्यांच्या वरच्या मजल्यांत शिरतात, भिंतीवरच्या चित्रांवर पाण्याचे शिंतोडे उडवून ती खराब करतात आणि मग अंगाशी येईल म्हणून धुराचं सोंग घेऊन जाळीच्या खिडक्यांतून पसार होतात. या वाड्यांना कालिदास ‘विमान’ म्हणतो. जुन्या टीकाकारांनी आणि कोशकारांनी अर्थही सरळ दिला आहे : सात मजली घर. म्हणजे उडतात ते ढग, आणि विमान जागच्या जागी उभं. ‘आपल्याकडे विमानं होती, म्हणून तर शब्द आहे’ असं जे ठासून सांगितलं जातं, त्याला या चार ओळींनीच खीळ बसते. माझं म्हणणं असं, की विमान हे आधी घर होतं. कवींनी ते पायासकट उचलून आकाशात नेलं. आणि यंत्र जन्माला आलं तेव्हा हे रिकामं, तयार नाव त्याला मिळालं. शब्दाची ही कुळी कारखान्यातली नाही, विज्ञानकथेची आहे. आणि त्यात कमीपणा वाटण्यासारखं काही मला दिसत नाही.

मुळापासून बघू. ‘मा’ म्हणजे मोजणं, आणि ‘वि’ लागला की नीट आखून, मापून काढणं. ऋग्वेदात अंतरिक्ष मापून काढणाऱ्या देवाला हा शब्द लागतो. मापून बांधलेली वास्तू ती विमान, हा पुढचा अर्थ. (बहात्तरास एक या प्रमाणात लढाऊ विमानाची प्रतिकृती जोडत टेबलावर वाकून बसलेला हौशी माणूस या मूळ अर्थाच्या बराच जवळ आहे, हे जाता जाता.) रामायणाच्या बालकांडात अयोध्येचं वर्णन येतं तेव्हा ती विमानगृहांनी शोभलेली असते. दक्षिणेतल्या मंदिरांत गाभाऱ्यावरचं शिखर आजही विमानच. तंजावरच्या बृहदीश्वराचं आणि आपल्या वेरूळच्या कैलासाचंही. पाली भाषेतला ‘विमानवत्थु’ हा ग्रंथ तर मधल्या पायरीवर उभा आहे. दान केलं, दिवा लावला, कोणाला पाणी पाजलं, त्या पुण्याईने मेल्यावर स्वर्गात जो महाल मिळतो तो विमान. खांब, बाग, तळं असा सगळा थाट. आणि त्यातले काही महाल मालकाला घेऊन फिरतातही. जैनांच्या विश्वरचनेत देवांच्या चार वर्गांपैकी एक ‘वैमानिक’, म्हणजे विमानांत राहणारे. हेच वैमानिक आजच्या मराठीत कॉकपिटमध्ये बसतात.

यावर कोणी म्हणेल, की क्रम उलटाही असू शकतो. उडतं वाहन आधी पाहिलं आणि त्याच्यासारख्या दिसणाऱ्या इमारतीला त्याचं नाव दिलं. शंका रास्त आहे, कारण रामायणात दोन्ही अर्थ शेजारी शेजारी नांदतात. पण निवाडा करायला एक साधी कसोटी पुरते. जी वस्तू माणसं खरोखर बनवतात, तिच्या अवयवांना नावं असतात. रथ घ्या. अक्ष, नाभी, अर, नेमी : चाकाचा तुकडा तुकडा संस्कृतात नावानिशी हजर आहे आणि तो घडवणारा रथकारही समाजात आहे. विमानाचं काय? पुष्पकाचं वर्णन सुंदरकांडात हनुमानाच्या डोळ्यांनी येतं. रत्नांचे पक्षी, सोनं, चांदी, प्रवाळ सगळं आहे, पण कुठे काही फिरत नाही, झिजत नाही, तुटत नाही, दुरुस्तीला जात नाही. ते मालकाच्या मनाप्रमाणे चालतं. विमान घडवणाऱ्यांची जात नाही, त्यांच्या हत्यारांना नाव नाही. वर्णनाची भाषा सुताराची किंवा लोहाराची नसून वाडा बघून आलेल्या पाहुण्याची आहे.

याचा एक पुरावा नाते गावाच्या डोक्यावर, रायगडावर आहे. जगदीश्वराच्या मंदिरापाशी जो संस्कृत शिलालेख आहे, तो गड बांधणाऱ्या हिरोजी इंदुलकरांचं नाव सांगतो. त्यात शक आकड्यांत नाही, शब्दांत बांधलेला आहे : सहा, नऊ, बाण म्हणजे पाच, भूमी म्हणजे एक. उलटं वाचलं की १५९६, अर्थात राज्याभिषेकाचं वर्ष १६७४. विहिरी, तलाव, बागा, हत्तीशाळा अशी गडावरच्या बांधकामांची यादी देताना राजवाड्यांना विशेषण लावलंय ‘अभ्रंलिह’, म्हणजे ढगांना चाटणारे. आता मेघदूत उघडा. अलकेतल्या प्रासादांना कालिदासाने लावलेला शब्दही हाच. लेख रचणाऱ्यासमोर मेघदूत होतं की तो कवींच्या पिढीजात पेटीतला शब्द होता, याने माझ्या मुद्द्यात फरक पडत नाही. आकाश गाठायचं तर इमारतीने गाठायचं, ही कल्पना कालिदासापासून सतराव्या शतकापर्यंत तशीच चालत आली. श्रावणात गडावर गेलेल्याला ती अतिशयोक्तीही वाटणार नाही. ढग तिथे खरोखरच दारातून आत येतात.

इथे सगळ्यात जड आक्षेप येतो, आणि तो ‘रघुवंशा’तून येतो. तेराव्या सर्गात राम पुष्पकातून सीतेला खालचा देश दाखवतो. दूरची किनारपट्टी त्याला लोखंडी चाकाच्या कडेवर चढलेल्या गंजाच्या बारीक रेघेसारखी दिसते. विमान पुढे सरकतं तसतशी झाडांसकट जमीन समुद्रातून वर येते असं वाटतं. आजच्या विमानाच्या खिडकीशी बसलेल्याने वर्णन करावं इतकं हे अचूक आहे. मग वर गेल्याशिवाय कोणाला कसं सुचेल? उत्तरं दोन. एक, उंचीवरून खाली बघायला यंत्र लागत नाही, डोंगर लागतो. टकमक टोकावरून खालची गावं, शेतांचे तुकडे आणि पायाखालून सरकणारे ढग ज्याने पाहिले, त्याला उरलेली उंची मनाने चढता येते. दोन, वर्णनातली अचूकता म्हणजे अनुभवाचा दाखला नव्हे. ज्यूल व्हर्नने १८६५ साली चंद्राकडे तीन माणसं पाठवली आणि तोफ उडवायला जागा निवडली फ्लोरिडा. १९६९ मध्ये अपोलो ११ तीन माणसं घेऊन फ्लोरिडातूनच निघालं. म्हणून व्हर्नच्या काळी फ्रान्सकडे चांद्रयान होतं असं कोणी म्हणत नाही. त्याने आकडेमोड केली, उरलेली कल्पना लढवली, आणि आपण त्याला मान देतो. कालिदासाला तेवढा मान द्यायला आपण कचरतो. त्याला प्रतिभावंतापेक्षा प्रवासी ठरवण्यात आपल्याला जास्त अभिमान वाटतो, याचं मला कायम नवल वाटत आलंय.

राहिला ‘वैमानिक शास्त्रा’चा प्रश्न. हा ग्रंथ भारद्वाज ऋषींचा म्हणून सांगितला जातो. कर्नाटकातल्या सुब्बराय शास्त्री यांनी तो विसाव्या शतकाच्या पहिल्या पाव भागात तोंडी सांगून उतरवून घेतला आणि त्यातल्या विमानांची चित्रं बंगळुरात काढली गेली. १९७४ साली भारतीय विज्ञान संस्थेतल्या पाच अभ्यासकांनी तो तपासला. भाषा वैदिक नाही, ग्रंथ १९०४ च्या आधीचा नाही आणि चित्रातलं एकही विमान उडू शकणार नाही, असा त्यांचा निष्कर्ष. या चित्रांतलं ‘रुक्म विमान’ मात्र एकदा निरखून बघावं. खाली रुंद, वर निमुळतं होत गेलेलं, एकावर एक मजले चढवलेलं. ते थेट मंदिराच्या शिखरासारखं दिसतं. विमान उडवायला बसलेल्या कल्पनेच्या हातून कागदावर पुन्हा घरच उतरलं. मुंबईच्या शिवकर बापूजी तळपदे यांनी १८९५ मध्ये गिरगाव चौपाटीवर ‘मरुत्सखा’ उडवल्याची कथा याच ओघात सांगतात. २०१५ साली तिच्यावरून ‘हवाईजादा’ हा हिंदी चित्रपटही निघाला. तळपद्यांच्या खटाटोपावर हसायचं कारण नाही, त्या दशकात जर्मनीत लिलिएन्थालही टेकड्यांवरून झेपा घेत होता. पण लिलिएन्थालची छायाचित्रं आहेत. राईट बंधूंच्या १७ डिसेंबर १९०३ च्या बारा सेकंदांचंही छायाचित्र आहे. मरुत्सख्याच्या उड्डाणाला मागाहून सांगितलेल्या कथेपलीकडे आधार नाही.

मग हा देवांचा शब्द यंत्राला चिकटला कसा? मराठीची जुनी खोड बघा. इंजिन आलं तेव्हा आपण त्याला आगगाडी म्हटलं, जहाजात वाफ आली तेव्हा आगबोट. जे दिसलं त्यावरून नाव. आग दिसली, आग लावून दिली. त्या हिशेबाने विसाव्या शतकातल्या नव्या वाहनाला हवागाडी म्हणायला हवं होतं, आणि हिंदीने ‘हवाई जहाज’ म्हटलंही. मराठीत ती वेळ आली नाही, कारण इथे हा शब्द पोथीत पडून नव्हता. तो दर तुकाराम बीजेला कीर्तनात येत होता. मोल्सवर्थच्या एकोणिसाव्या शतकातल्या कोशात विमान म्हणजे देवांचा आकाशगामी रथ आहे. १९३२ च्या ऑक्टोबरमध्ये जे. आर. डी. टाटा कराचीहून टपाल घेऊन जुहूला उतरले, आणि चारच वर्षांनी, १९३६ मध्ये, पुण्याच्या प्रभातने ‘संत तुकाराम’ पडद्यावर आणला. दामले आणि फत्तेलाल यांनी वैकुंठाहून आलेलं विमान गरुडाच्या रूपात दाखवलं, आणि विष्णुपंत पागनीसांचे तुकोबा त्यात बसून निघाले. त्या प्रेक्षकांतल्या कित्येकांनी डोक्यावरून घरघरत जाणारं खरं विमान पाहिलेलं असणार. दोन्हींना एकच नाव, आणि कोणाचाही गोंधळ झाला नाही. माझ्या मते मराठी विशेष दृश्यांच्या वंशावळीत या गरुडाचं स्थान वरचं आहे. त्याला हवाई शास्त्राशी देणंघेणं नव्हतं, आणि म्हणूनच तो पटला.

अवकाशात जायची वेळ आली तेव्हा मात्र ‘विमान’ मागे पडलं. एव्हाना ते पंखांना आणि हवेला बांधलं गेलं होतं. जिथे हवाच नाही तिथे त्याचं काम काय? त्याच्या जागी ‘यान’ आलं : २००८ चं चंद्रयान, २०१३ चं मंगळयान आणि आता गगनयान. नावं नवी वाटतात, पण अमरकोशात विमानाचा पर्याय म्हणून ‘व्योमयान’ दिलेलाच आहे. व्योम काढून गगन ठेवलं, एवढंच. जयंत नारळीकरांनी हीच चाल कथेत खेळली. १९७४ च्या मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेत त्यांनी आपली आद्याक्षरं उलटी करून, नारायण विनायक जगताप या नावाने, ‘कृष्णविवर’ पाठवली आणि बक्षीस मिळवलं. पुढच्या संग्रहाचं नाव ठेवलं ‘यक्षांची देणगी’. मेघदूताचा नायकही यक्षच. पुराणातलं नाव घ्यायचं, पण पुराण हे विज्ञान होतं असं म्हणायचं नाही, हा नेमकेपणा नारळीकरांनी आयुष्यभर सांभाळला.

पुष्पकाचं नाव दोनदा खऱ्या यंत्राला लागलं. हिंदुस्तान एअरोनॉटिक्सच्या ज्या छोट्या विमानावर फ्लाइंग क्लबांतली मुलं शिकली, त्याचं पहिलं उड्डाण १९५८ चं. दुसरं इस्रोचं. २२ मार्च २०२४ रोजी कर्नाटकातल्या चित्रदुर्गजवळ हवाई दलाच्या चिनूक हेलिकॉप्टरने एक पंखवालं यान साडेचार किलोमीटर उंचीवर नेऊन सोडून दिलं. इंजिनाविना तरंगत, स्वतःच दिशा सुधारत ते धावपट्टीवर उतरलं आणि पॅराशूट उघडून, ब्रेक लावून थांबलं. एकदा वापरून फेकायचं नाही, परत आणायचं, यासाठी हा सगळा घाट. रामायणातलं पुष्पकही मुळात उसनंच होतं. रावणाने ते कुबेराकडून हिसकावलं होतं, आणि अयोध्येला उतरल्यावर रामाने ते रिकामं, चालकाविना, कुबेराकडे परत धाडलं. कुबेराची राजधानी अलका. मेघदूतातला यक्ष त्याच कुबेराचा शिक्षा झालेला नोकर; मालकाच्या दारी पुष्पक उभं असताना त्याला बायकोला निरोप पाठवायला ढगाचे पाय धरावे लागले.