प्रशीतक-गळती शोधन, मोटारगाडीतील

मोटारगाडीच्या वातानुकूलन यंत्रणेतील प्रशीतक (उष्णता शोषून ती बाहेर टाकणारे द्रव्य) कोठून निसटते, हे ठरविण्याच्या पद्धती. घरगुती शीतकपाटात संपीडक व त्याचे विद्युत् चलित्र एकाच बंद कवचात असतात. एंजिनाच्या पट्ट्यावर चालणाऱ्या संपीडकाचा दंड मात्र कवचाबाहेर येतो. शिवाय कंपनांमुळे लवचिक नळ्या वापराव्या लागतात. म्हणून दंडाभोवतीचे सील, नळ्या व सांधे ही गळतीची नेहमीची स्थाने होत.

अमोनिया व सल्फर डाय-ऑक्साइड या जुन्या प्रशीतकांची गळती वासावरून कळे. टॉमस मिजली व त्यांचे सहकारी यांनी १९२८ मध्ये पुढे आणलेले आर-१२ हे ज्वालाग्राही नव्हते, त्याची विषारिताही अत्यल्प होती. पण त्याला वास जवळजवळ नसल्याने गळतीची नैसर्गिक सूचना नाहीशी झाली. पॅकार्ड कंपनीने १९३९ मध्ये गाडीत वातानुकूलन देऊ केले, तेव्हा हाच प्रश्न मोटारगाडीतही उद्‌भवला. त्यावर हॅलाइड ज्योतीचा दिवा वापरात होता. तापलेल्या तांब्याशी क्लोरीनयुक्त वायूचा संपर्क आल्यास ज्योत हिरवी होते, या बाइलश्टाइन यांच्या कसोटीवर (१८७२) तो आधारलेला होता. ज्योतीत विषारी फॉस्जीन निर्माण होण्याचा धोका हा त्याचा दोष होय.

अशा क्लोरीनयुक्त द्रव्यांमुळे ओझोन थराची हानी होते, हे मोलीना व रोलंड यांनी १९७४ मध्ये दाखविले. माँट्रिऑल करार १९८७ मध्ये झाला व भारत त्यात १९९२ मध्ये सामील झाला. आर-१२ च्या जागी आलेल्या आर-१३४ए मध्ये क्लोरीन नसल्याने ज्योतीचा दिवा निरुपयोगी ठरला. त्याची जागा तापित संवेदक व अवरक्त किरण यांवर चालणाऱ्या उपकरणांनी आणि तेलात मिसळून जंबुपार प्रकाशात चमकणाऱ्या रंजकाने घेतली. वर्षाला सु. ४ ग्रॅम इतकी अल्प गळतीही आधुनिक उपकरणाला कळते.

शोध घेताना प्रथम सांध्यांवरील तेलाचे डाग पाहतात. प्रशीतक हवेपेक्षा जड असल्याने उपकरणाचे टोक सांध्याच्या खालच्या बाजूने फिरवितात. मुंबई–गोवा महामार्गावरील खेडसारख्या (जि. रत्नागिरी) दमट हवेच्या ठिकाणी बाष्पकावर पुष्कळ पाणी साचते. गाडीखाली ठिबकणारे हे स्वच्छ पाणी गळतीचे लक्षण नव्हे. मात्र बाष्पकातील गळती त्याच निचरानळीच्या तोंडाशी उपकरण धरून तपासता येते. यंत्रणा रिकामी झाली असल्यास कोरड्या नायट्रोजनाचा दाब देऊन सांध्यांवर साबणाचे पाणी लावतात. ऑक्सिजन वापरल्यास तेलाशी संयोग होऊन स्फोट होण्याचा धोका असतो.

आर-१३४ए ओझोनला घातक नसले, तरी १०० वर्षांच्या कालावधीत त्याचा तापनपरिणाम समान वजनाच्या कार्बन डाय-ऑक्साइडाच्या सु. १,४०० पट भरतो. म्हणून अशा द्रव्यांच्या कपातीचा किगाली येथील फेरबदल (२०१६) भारताने २०२१ मध्ये मान्य केला. नवे आर-१२३४वायएफ यापेक्षा पुष्कळच सौम्य, पण काहीसे ज्वालाग्राही आहे. त्यासाठी ठिणगी न पाडणारे उपकरण लागते. गळती न शोधता केवळ वायू भरल्यास तो पुन्हा वातावरणातच जातो. त्यामुळे भरण्यापूर्वी शोधन व दुरुस्ती हाच क्रम योग्य होय.