पोटातली वस्ती

"आत्या, तू तीस वर्षं शाळेत इतिहास शिकवलास ना? मग माझ्या आजाराचा इतिहास सांग की!"

भाची हे थट्टेत म्हणाली. दिवाळीत सगळे जमलो होतो. ताटात बाकीच्यांच्या चकल्या आणि तिच्या वाटीत मऊ भात. मी हसले, पण ते वाक्य डोक्यातून जाईना. त्याला कारण आहे.

ती बारावीत होती तेव्हा तिला पोटदुखी सुरू झाली. दिवसातून सहा-सात वेळा जुलाब, संध्याकाळी कणकण, वजन उतरत चाललेलं. दादा-वहिनींनी मला विचारलं, कारण घरातली शिकलेली बाई मी. मी काय सांगितलं? "परीक्षेचं टेन्शन आहे, दुसरं काही नाही. माझ्या वर्गात अशा दहा मुली असतात." त्या एका वाक्यावर घरच्यांनी चार महिने काढले. मग एका डॉक्टरांनी आतड्याचा क्षय म्हणून औषधं दिली, ती तिने नऊ महिने घेतली. त्यानंतर कळलं की हा 'क्रोन्स' नावाचा आजार आहे. अल्सरेटिव्ह कोलायटिस आणि क्रोन्स या दोन सख्ख्या बहिणी. कोलायटिस मोठ्या आतड्यापुरता राहतो, क्रोन्स तोंडापासून गुदद्वारापर्यंत कुठेही उपटतो. दोघींना मिळून इन्फ्लमेटरी बॉवेल डिसीज म्हणतात.

तर बसले वाचायला. माझं बी.ए. मराठी माध्यमातून, तेव्हा शेजारी शब्दकोश. जिथे अडले तिथे डॉक्टर असलेल्या भाचेजावयांना फोन.

इतिहासाच्या बाईला एखादा खटला सापडला की ती तिथेच बसकण मारते. या आजाराच्या इतिहासाच्या दारातच एक खटला आहे. साल १८५९, गाव लंडनजवळचं रिचमंड. थॉमस स्मेथर्स्ट नावाच्या डॉक्टरने, आपल्याहून वीसेक वर्षांनी मोठी असलेली पहिली बायको जिवंत असताना, इझाबेला बँक्स नावाच्या पैसेवाल्या बाईशी गुपचूप दुसरं लग्न लावलं. काही महिन्यांत इझाबेलाला उलट्या आणि रक्ती जुलाब सुरू झाले. तिने मृत्युपत्र नवऱ्याच्या नावे केलं आणि ३ मे रोजी ती वारली. लोकांना आणखी काय हवं? विषप्रयोग! आल्फ्रेड स्वेन टेलर हा त्या काळचा नामांकित विषतज्ज्ञ. त्याने एका बाटलीत आर्सेनिक सापडल्याचं सांगितलं, आणि पुढे त्यालाच कबूल करावं लागलं की ते त्याच्या स्वतःच्या चाचणीतल्या तांब्याच्या जाळीतून आलं होतं. तरीही ज्यूरीने डॉक्टरला दोषी ठरवलं. फाशीची शिक्षा झाली. मग ओरड झाली, गृहमंत्र्यांनी कागदपत्रं सर बेंजामिन ब्रॉडी या वृद्ध सर्जनकडे पाठवली आणि स्मेथर्स्टला माफी मिळाली. दुसऱ्या लग्नाबद्दल मात्र वर्षभराची सक्तमजुरी भोगावी लागलीच.

त्या इझाबेलाच्या आतड्यांचं वर्णन गाइज हॉस्पिटलच्या सॅम्युएल विल्क्स यांनी लिहून ठेवलं. आत दाह, आत व्रण. अल्सरेटिव्ह कोलायटिसच्या इतिहासात पहिली नोंद म्हणून तीच दाखवतात. गंमत अशी, की शंभरएक वर्षांनी जाणकारांनी ते वर्णन पुन्हा वाचलं तेव्हा लहान आतडंही सुजलेलं होतं हे त्यांच्या लक्षात आलं आणि ते म्हणाले, हा बहुधा क्रोन्स असावा. म्हणजे आधी नवरा आरोपी, मग एक आजार, मग दुसराच आजार!

त्यानंतरची पन्नास वर्षं जंतूंची. रॉबर्ट कॉखने १८८२ साली क्षयाचा जंतू दाखवला, १८८४ साली आपल्या कलकत्त्यात येऊन पटकीचा. एक आजार, एक जंतू, हे समीकरण जगाच्या डोक्यात पक्कं बसलं. मग आतड्याच्या दाहाचा जंतू कुठे आहे?

ग्लासगोचे सर्जन केनेडी डॅलझील यांनी १९१३ साली आतडं जाड आणि कडक झालेले काही रुग्ण वर्णिले. त्यांना आठवण झाली ती गुरांची. गाईगुरांना जुलाब होऊन त्या खंगत जातात असा 'जोन' नावाचा रोग आहे आणि त्याचा जंतू क्षयाच्या जंतूचा चुलतभाऊ. सूक्ष्मदर्शकाखाली माणसाचं आतडं आणि गुराचं आतडं जवळजवळ सारखं दिसत होतं. फरक एवढाच, की गुराच्या आतड्यात जंतू दिसायचे, माणसाच्या दिसेनात. अमेरिकेत मेयो क्लिनिकच्या बार्गेन यांनी १९२४ साली कोलायटिसचा जंतू सापडल्याचं जाहीर केलं, त्याची लसही केली. पण पुढे ते टिकलं नाही.

१९३२ साली न्यूयॉर्कच्या माउंट सायनाय हॉस्पिटलमधल्या क्रोन, गिन्झबर्ग आणि ओपनहायमर या तिघांनी चौदा रुग्णांवर निबंध लिहिला. रुग्ण होते सर्जन बर्ग यांचे, पण त्यांनी नाव घालू दिलं नाही. लेखकांची नावं वर्णानुक्रमाने लावली गेली आणि 'सी' पहिला, म्हणून क्रोन अजरामर झाले. बर्ग हो म्हणाले असते तर माझ्या भाचीला आज 'बर्ग' झाला असता. :-) या तिघांनीही क्षयाचा जंतू कसून शोधला होता. नव्हता.

इथे मी वाचन थांबवून जरा गप्प बसले. १९१३ आणि १९३२ साली ग्लासगो-न्यूयॉर्कला ज्या प्रश्नाने माणसं अडली होती, त्याच प्रश्नाने आमच्या गावातले डॉक्टर अडले. आपल्याकडे क्षय घरोघर, आणि आतड्याचा क्षय व क्रोन्स यांचं रूप इतकं सारखं की दुर्बिणीने पाहूनही चकायला होतं. संशय असला तर आधी क्षयाची औषधं देऊन दोन-तीन महिन्यांत उतार पडतो का ते बघायचं, अशी आपल्या देशातली रीतच आहे. नऊ महिने थांबायला नको होतं, एवढंच माझं म्हणणं. त्या डॉक्टरांवर मी बरीच वर्षं राग धरला. आता तो बराच कमी झाला आहे.

स्वतःवरचा मात्र नाही. कारण जंतू सापडेना म्हटल्यावर वैद्यकाने जे केलं तेच मी केलं. दोष रोग्याच्या मनावर ढकलला. १९३० साली न्यूयॉर्कच्या मरे यांनी कोलायटिसचं मूळ भावनिक ताणात असल्याचं मांडलं. १९५० पर्यंत शिकागोचे मनोविश्लेषक फ्रान्झ अलेक्झांडर यांनी मनोविकारातून उद्भवणाऱ्या सात आजारांची यादी केली, त्यात दमा होता, अल्सर होता आणि कोलायटिसही होता. कितीएक रोग्यांनी पोटाऐवजी आपलं बालपण तपासून घेतलं असेल, देव जाणे. ताणाने दुखणं बळावतं हे खरं. पण बळावणं वेगळं आणि त्यामुळे होणं वेगळं.

या सगळ्यात मला सर्वांत आवडली ती औषधाची गोष्ट. स्वीडनमध्ये नन्ना स्वार्त्झ नावाच्या बाई होत्या, १९३७ साली वैद्यकाच्या प्राध्यापक झालेल्या. सांधेदुखीच्या मुळाशी जंतूच असणार असं त्यांना वाटे. म्हणून जंतू मारायला सल्फा आणि दाह कमी करायला सॅलिसिलेट, असे दोन पदार्थ एकमेकांना जोडून त्यांनी औषध करवून घेतलं. सांध्यांपेक्षा गुण आला तो कोलायटिसच्या रोग्यांना! १९४२ साली त्यांनी ते प्रसिद्ध केलं. तेच सल्फासॅलाझिन.

सगळे समजले, सल्फाने जंतू मेले, म्हणून गुण आला. पुढे १९७२ साली अमेरिकेत जंतुविरहित पिंजऱ्यात वाढवलेल्या उंदरांना हे औषध दिलं, तर ते फुटेचना. जसंच्या तसं बाहेर. म्हणजे त्या दोन पदार्थांची जोडगाठ सोडवतात कोण, तर मोठ्या आतड्यातले जिवाणू! आणि १९७७ साली ऑक्सफर्डमध्ये ट्रुलव यांच्यासोबत काम करणाऱ्या आझाद खान या तरुण डॉक्टरांनी (हे आपल्या शेजारच्या बांगलादेशचे, पुढे तिथले राष्ट्रीय प्राध्यापक) दोन्ही भाग वेगवेगळे करून रुग्णांना दिले. सल्फाने काही झालं नाही. गुण होता दुसऱ्या भागात, ज्याला आज मेसालाझिन म्हणतात. म्हणजे बघा, जंतू मारायला म्हणून केलेल्या औषधातला जंतू मारणारा भागच निरुपयोगी, आणि उपयोगी भाग रोग्याच्या आतड्यात सोडवून देण्याचं काम जंतूंचं. ज्याला पकडायला निघालो त्यानेच दार उघडून दिलं.

इथे माझी स्वतःची एक कबुली. पाचवीच्या विज्ञानाचा तास कुणी नसलं की मला मिळायचा. फळ्यावर मी जंतूंना शिंगं काढायची. "जंतू म्हणजे शत्रू!" मुलं जोरात म्हणायची. वर्षानुवर्षं म्हणायला लावलं. आता वाचते तर आपल्या अंगात ३८ लाख कोटींच्या घरात जिवाणू आहेत, आपल्या स्वतःच्या पेशींच्या बरोबरीने, आणि सगळ्यांचं मिळून वजन पावशेराच्या आसपास. मोठ्या आतड्याच्या अस्तराला लागणारं बरंचसं इंधन तेच आपण खाल्लेल्या चोथ्यापासून बनवतात.

मग आजारात त्यांचा हात आहे की नाही? आहे, पण एकट्यादुकट्याचा नाही. बेल्जियममध्ये रुटगर्ट्स यांनी १९९१ साली दाखवलं, की शस्त्रक्रियेनंतर विष्ठेचा प्रवाह वरच्या वर बाहेर काढून दिला तर पुढचं आतडं शांत राहतं. प्रवाह पुन्हा जोडला की आजार परततो. त्याच मंडळींनी १९९८ साली तीन रुग्णांच्या अशा शांत आतड्यात त्यांचाच आतड्यातला द्रव सोडला, तर आठवड्याभरात दाहाच्या खुणा उमटल्या. जनुकात बिघाड केलेल्या उंदरांना कोलायटिस होतो, पण तेच उंदीर जंतुविरहित वाढवले तर होत नाही. आणि २००१ साली एनओडी-२ हे जनुक सापडलं. त्याचं काम काय, तर जिवाणूच्या भिंतीचा तुकडा ओळखणं. युरोपातल्या क्रोन्सच्या बऱ्याच रुग्णांत ते बिघडलेलं असतं. (आपल्या आशियात ते बिघाड क्वचितच, म्हणजे आपल्याकडची वाट निराळी असणार.)

शाळेच्या भाषेत सांगायचं तर वर्ग नेहमीचाच, पण पहारेकऱ्याला आपली मुलं ओळखू येईनाशी झाली आणि त्याने सरसकट काठी चालवली. त्यात वर्गही बिघडतो. फ्रान्समधल्या संशोधकांनी २००८ साली दाखवलं, की फीकॅलिबॅक्टेरियम नावाचा एक गुणी जिवाणू ज्या क्रोन्सच्या रुग्णांत कमी, त्यांचा आजार शस्त्रक्रियेनंतर लवकर उलटतो. आता तो कमी झाला म्हणून आजार आला की आजार आला म्हणून तो कमी झाला? यावर अजून खल चालू आहे.

डॅलझील यांचा गुरांचा जंतूही मेलेला नाही बरं का. १९८४ साली तो काही क्रोन्सच्या रुग्णांत सापडला आणि जुना वाद पेटला. ऑस्ट्रेलियात दोनशेवर रुग्णांना दोन वर्षं त्यावरची औषधं दिली. २००७ साली निकाल आला, टिकाऊ फायदा नाही. तरी काही डॉक्टर अजून त्याचा पिच्छा सोडत नाहीत.

आता बहुतेकांच्या मनातला प्रश्न. माझी नणंद तर रोज विचारते, "दही खाल्लं की होईल ना बरं?" दह्याचं हे वेड मेचनिकॉफचं. नोबेल मिळालेला माणूस, पण मोठं आतडं म्हणजे शरीरातली सडकी गटार असं तो मानायचा आणि त्यावर उतारा म्हणून आंबट दूध प्यायचा. लंडनच्या आर्बथनॉट लेन या सर्जनने तर लोकांची मोठी आतडीच कापून काढायला सुरुवात केली! क्रोन्समध्ये दह्याने किंवा बाजारातल्या जिवाणूंच्या कॅप्सूलने आजार आटोक्यात आल्याचं सिद्ध झालेलं नाही. कोलायटिसची गोष्ट जराशी वेगळी. पहिल्या महायुद्धात, १९१७ साली, सगळ्या पलटणीला हगवण लागली असताना एक सैनिक ठणठणीत राहिला. जर्मन डॉक्टर निस्ले यांनी त्याच्या विष्ठेतून एक ई. कोलाय वेगळा काढला. तोच जिवाणू १९९९ साली इंग्लंडमधल्या एका चाचणीत कोलायटिस शांत ठेवण्यात मेसालाझिनच्या तोडीस तोड ठरला.

आणि शेवटी, जेवताना वाचू नये असं. निरोगी माणसाची विष्ठा रोग्याच्या आतड्यात सोडण्याचा उपचार. दिल्लीच्या एम्समध्ये कोलायटिसच्या ६६ रुग्णांवर झालेली एक चाचणी २०२२ साली प्रसिद्ध झाली. निम्म्यांना सात आठवडे दर आठवड्याला हा उपचार आणि सोबत ठरावीक आहार. त्यांना नेहमीच्या औषधांवरच्या रुग्णांपेक्षा अधिक गुण आला. दाते कोण होते माहीत आहे? खेड्यातली माणसं. हा अजून नेहमीचा उपचार झालेला नाही आणि भाचीच्या आजाराला तर नाहीच, तेव्हा कुणी घरी काही करू नये.

परवा रविवारी हे सगळं तिला फोनवर वाचून दाखवलं. बर्गच्या जागी हसली. मनोविश्लेषकांच्या जागी काही बोलली नाही. मग मीच म्हणाले, "तेव्हा मी टेन्शन म्हणाले होते गं."

"आठवतंय मला," ती म्हणाली. "तुझ्या त्या दहा मुलींचं पुढे काय झालं गं, आत्या?"

जुन्या वर्गांचे फोटो काढून बसले आहे. सात नावं आठवली आहेत.