टेनेसी लेडी व्हॉलंटियर्स (महिला बास्केटबॉल)

टेनेसी लेडी व्हॉलंटियर्स हा अमेरिकेच्या टेनेसी राज्यातील नॉक्सव्हिल शहरातील टेनेसी विद्यापीठाचा महिला बास्केटबॉल संघ आहे. बोलीभाषेत तो लेडी व्हॉल्स या संक्षिप्त नावाने ओळखला जातो. हा संघ एनसीएए या राष्ट्रीय महाविद्यालयीन क्रीडा संघटनेच्या सर्वोच्च श्रेणीत, साउथईस्टर्न कॉन्फरन्स (एसईसी) या गटात खेळतो. संघाने १९८७, १९८९, १९९१, १९९६, १९९७, १९९८, २००७ आणि २००८ अशी आठ वेळा राष्ट्रीय विजेतेपदे मिळवली. ही सर्व विजेतेपदे पॅट समिट यांच्या प्रशिक्षणाखाली मिळाली. एनसीएएने १९८२ साली महिलांची राष्ट्रीय स्पर्धा सुरू केली. तेव्हापासून २०२५ पर्यंत झालेल्या प्रत्येक स्पर्धेत स्थान मिळवलेला हा एकमेव संघ आहे. संघाचे घरचे सामने थॉम्प्सन-बोलिंग अरीना या क्रीडागृहात होतात.

नाव आणि रंग

टेनेसी राज्याला 'स्वयंसेवकांचे राज्य' असे उपनाव आहे. १८१२ च्या युद्धात येथील पुरुष मोठ्या संख्येने स्वेच्छेने सैन्यात दाखल झाले, त्यावरून हे उपनाव पडले आणि विद्यापीठाच्या संघांनीही तेच घेतले. महिलांचे संघ आधी 'व्होलेट्स' म्हणून ओळखले जात. १९७० च्या दशकाच्या मध्यात, महिला क्रीडा विभाग स्वतंत्र झाला त्या सुमारास, 'लेडी व्हॉलंटियर्स' हे नाव रूढ झाले. विद्यापीठाचे रंग नारिंगी आणि पांढरा हे आहेत. महिला संघ त्यांच्या जोडीला फिकट निळा रंगही वापरतात. पुरुष संघांच्या गणवेशात हा निळा रंग परंपरेने नव्हता.

प्रारंभीचा इतिहास

टेनेसी विद्यापीठात महिला बास्केटबॉल १९०३ पासून खेळले जात होते. १९२० च्या दशकात अमेरिकेतील शारीरिक शिक्षण क्षेत्रात एक मत प्रबळ झाले. चुरशीच्या स्पर्धा स्त्रियांच्या शरीराला आणि स्वभावाला मानवत नाहीत, असे ते मत होते. त्या लाटेत १९२६ साली विद्यापीठाने आपला महिला संघ बंद केला. पुढील तीन दशकांहून अधिक काळ मुलींना विद्यापीठात खेळ 'शिकता' येत असे, पण विद्यापीठाच्या नावाने दुसऱ्या विद्यापीठाविरुद्ध नियमित स्पर्धा खेळता येत नसे. १९६० च्या दशकात शारीरिक शिक्षण विभागाच्या आश्रयाने संघ पुन्हा उभा राहिला.

१९७२ साली अमेरिकेत 'टायटल नाइन' हा कायदा झाला. सरकारी अनुदान घेणाऱ्या शिक्षणसंस्थांना लिंगाधारित भेदभाव करण्यास या कायद्याने मनाई केली. कायद्याच्या मूळ मजकुरात खेळांचा उल्लेख नव्हता. त्याचा सर्वांत दृश्य परिणाम मात्र क्रीडांगणावरच झाला. त्या वेळी महिलांच्या महाविद्यालयीन स्पर्धा एनसीएए नव्हे, तर एआयएडब्ल्यू ही स्त्रियांनी चालवलेली स्वतंत्र संघटना घेत असे.

पॅट समिट यांचा कार्यकाळ (१९७४–२०१२)

पॅट समिट (माहेरचे आडनाव हेड) यांचा जन्म १४ जून १९५२ रोजी टेनेसीतील क्लार्क्सव्हिल येथे एका शेतकरी कुटुंबात झाला. तेथील शाळेत मुलींचा संघ नव्हता. मुलीला खेळता यावे म्हणून कुटुंबाने शेजारच्या परगण्यात बिऱ्हाड हलवले. १९७४ साली त्या पदव्युत्तर शिक्षणासाठी आणि सहायक प्रशिक्षक म्हणून नॉक्सव्हिलला आल्या. मुख्य प्रशिक्षक मार्गरेट हटसन त्याच सुमारास रजेवर गेल्या आणि वयाच्या २२ व्या वर्षी संपूर्ण संघ समिट यांच्या हाती आला. संघातील काही खेळाडू त्यांच्याहून जेमतेम एक वर्षाने लहान होत्या.

त्यांचे मानधन महिना २५० डॉलर होते. खेळाडूंचे गणवेश धुणे आणि संघाची व्हॅन चालवणे ही कामेही त्यांच्याकडेच होती. गणवेशांसाठीचे पैसे आदल्या वर्षी डोनट विकून जमवलेले होते. डिसेंबर १९७४ मध्ये झालेला पहिला सामना संघाने मर्सर विद्यापीठाविरुद्ध ८३–८४ असा एका गुणाने गमावला. तो पाहायला पन्नासच्या आसपास लोक आले होते. प्रशिक्षकपद, अध्यापन आणि स्वतःचा अभ्यास सांभाळून त्या गुडघ्याच्या दुखापतीतून सावरत ऑलिंपिकची तयारीही करत होत्या. १९७६ च्या माँट्रियल ऑलिंपिकमध्ये महिला बास्केटबॉलचा प्रथमच समावेश झाला. तेथे रौप्यपदक मिळवणाऱ्या अमेरिकी संघात त्या सहकर्णधार होत्या. १९८४ साली लॉस एंजेलिस येथे त्यांच्या प्रशिक्षणाखाली अमेरिकी संघाने सुवर्णपदक जिंकले.

सहा खेळाडूंच्या नियमाचा वाद

संघाच्या इतिहासात या वादाला सामान्यतः दिले जाते त्याहून अधिक महत्त्व द्यायला हवे. टेनेसीतील शाळांमध्ये १९७० च्या दशकाच्या अखेरपर्यंत मुलींचे बास्केटबॉल प्रत्येक बाजूस सहा खेळाडू घेऊन खेळले जात असे. तीन मुली फक्त आक्रमण करत आणि तीन फक्त बचाव. मध्यरेषा ओलांडण्यास कोणालाही परवानगी नव्हती. पूर्ण मैदानभर धावणे मुलींना झेपणार नाही, ही समजूत या नियमामागे होती. याचा व्यवहारातील परिणाम असा, की बचाव करणारी मुलगी शालेय सामन्यात एकदाही बास्केटकडे चेंडू फेकत नसे. महाविद्यालयात मात्र पाच खेळाडूंचा पूर्ण मैदानाचा खेळ चाले. अशा मुलीला तेथे शिष्यवृत्ती मिळण्याची शक्यता फारच कमी राही.

१९७६ साली ओक रिज येथील एका शाळकरी खेळाडूने हा नियम भेदभाव करणारा असल्याचा दावा न्यायालयात केला. समिट यांनी तिच्या बाजूने साक्ष दिली. जिल्हा न्यायालयाने नियमाविरुद्ध निकाल दिला, परंतु अपिलात १९७७ साली तो फिरवला गेला. कायद्याचा मार्ग असा बंद झाल्यावर समिट यांनी वेगळे दडपण आणले. आपल्या संघासाठी टेनेसीबाहेरच्या, पाच खेळाडूंचा खेळ शिकलेल्या मुली निवडणार, असे त्यांनी उघडपणे सांगितले. राज्याच्या विद्यापीठात राज्यातल्याच मुलींना जागा नाही, ही गोष्ट पालकांना आणि शाळांना बोचणारी होती. राज्याच्या शालेय क्रीडा संघटनेने १९७९–८० च्या हंगामापासून पाच खेळाडूंचा नियम स्वीकारला.

विजेतेपदे

एआयएडब्ल्यूच्या काळात संघ चार वेळा राष्ट्रीय उपांत्य फेरीत पोहोचला, आणि १९८० व १९८१ साली अंतिम सामन्यात पराभूत झाला. १९८२ पासून एनसीएएने महिलांच्या स्पर्धा आपल्या हाती घेतल्या आणि एआयएडब्ल्यू लवकरच बंद पडली. १९८४ सालीही संघ अंतिम सामना हरला. मोठे सामने हरणारा संघ अशी प्रतिमा तयार होत असतानाच १९८७ साली ऑस्टिन येथे लुइझियाना टेकचा ६७–४४ असा पराभव करून संघाने पहिले विजेतेपद मिळवले. १९८९ साली ऑबर्नला आणि १९९१ साली जादा वेळेत व्हर्जिनियाला नमवून आणखी दोन विजेतेपदे आली.

१९९६ ते १९९८ या काळात सलग तीन विजेतेपदे मिळाली. महिलांच्या एनसीएए स्पर्धेत असे प्रथमच घडले. या तिन्ही संघांचा केंद्रबिंदू न्यूयॉर्कहून आलेली शमीक होल्ड्सक्लॉ ही होती. तिचे कारकिर्दीतील ३,०२५ गुण हा विद्यापीठाचा विक्रम आहे. तीनपैकी १९९७ चे विजेतेपद सर्वांत अनपेक्षित होते, कारण त्या हंगामात संघाने तब्बल दहा सामने गमावले होते. पुढच्याच वर्षी टमीका कॅचिंग्स आणि सेमीका रँडल या नवोदित खेळाडूंची साथ मिळाली आणि संघाने ३९ पैकी ३९ सामने जिंकले.

शेवटची दोन विजेतेपदे (२००७ मध्ये रटगर्सविरुद्ध ५९–४६, २००८ मध्ये स्टॅनफर्डविरुद्ध ६४–४८) कँडेस पार्कर हिच्या काळातील आहेत. मार्च २००६ मध्ये एनसीएए स्पर्धेच्या सामन्यात डंक करणारी ती पहिली महिला ठरली.

समिट यांनी ३८ हंगामांत १,०९८ सामने जिंकले आणि २०८ गमावले. फेब्रुवारी २००९ मध्ये त्या सर्वोच्च श्रेणीतील महाविद्यालयीन बास्केटबॉलमध्ये, पुरुष व महिला दोन्ही मिळून, १,००० विजय मिळवणाऱ्या पहिल्या प्रशिक्षक ठरल्या. त्याच हंगामाच्या अखेरीस संघ प्रथमच एनसीएए स्पर्धेच्या पहिल्या फेरीत बाद झाला. बॉल स्टेट या तुलनेने अपरिचित संघाने त्याला हरवले. महिना २५० डॉलरपासून सुरू झालेले समिट यांचे वेतन २००६ च्या करारानुसार वार्षिक दहा लाख डॉलरच्या पुढे गेले. महिला महाविद्यालयीन बास्केटबॉलमध्ये इतके वेतन मिळवणाऱ्या त्या पहिल्याच होत. त्यांच्या संघात पूर्ण मुदत खेळलेल्या प्रत्येक खेळाडूने पदवी मिळवली, ही बाब विजयांच्या संख्येइतकीच आवर्जून सांगितली जाते.

ऑगस्ट २०११ मध्ये समिट यांनी आपल्याला अल्झायमर झाल्याचे जाहीर केले. तेव्हा त्या ५९ वर्षांच्या होत्या. तो हंगाम त्यांनी सहकाऱ्यांच्या मदतीने पूर्ण केला आणि एप्रिल २०१२ मध्ये पद सोडले. त्याच वर्षी त्यांना 'प्रेसिडेन्शियल मेडल ऑफ फ्रीडम' हा सन्मान मिळाला. २८ जून २०१६ रोजी त्यांचे निधन झाले.

नंतरचे प्रशिक्षक

समिट यांच्यानंतर हॉली वॉर्लिक (२०१२–२०१९) मुख्य प्रशिक्षक झाल्या. त्या स्वतः याच संघाच्या माजी खेळाडू आणि दीर्घकाळ समिट यांच्या सहायक होत्या. त्यांच्या काळात संघ तीन वेळा राष्ट्रीय स्पर्धेच्या शेवटच्या आठांत पोहोचला, पण उपांत्य फेरी गाठू शकला नाही. १९९६–९८ च्या विजेत्या संघांतील केली हार्पर (२०१९–२०२४) यांच्या काळातही संघाला उपांत्य फेरी गाठता आली नाही. दोघींनाही विद्यापीठाने पदावरून दूर केले. आठ विजेतेपदांचे मोजमाप पुढच्या प्रशिक्षकांना लावले जाणे अटळ होते. मात्र दरम्यानच्या काळात महिला बास्केटबॉलमध्ये तुल्यबळ संघांची संख्या पुष्कळ वाढली होती, हे या निर्णयांची चर्चा करताना बहुधा विसरले जाते.

एप्रिल २०२४ मध्ये किम कॉल्डवेल यांची नेमणूक झाली. टेनेसीशी पूर्वसंबंध नसलेल्या त्या समिट यांच्यानंतरच्या पहिल्या प्रशिक्षक होत. २०२२ साली त्यांनी ग्लेनव्हिल स्टेट या छोट्या महाविद्यालयाला द्वितीय श्रेणीचे राष्ट्रीय विजेतेपद मिळवून दिले होते. संपूर्ण सामनाभर प्रतिस्पर्ध्यावर मैदानभर दडपण ठेवणे आणि दमलेल्या खेळाडू एकदम गटाने बदलणे ही त्यांची पद्धत आहे.

कनेक्टिकटशी स्पर्धा

कनेक्टिकट विद्यापीठाच्या संघाशी असलेली चुरस १९९५ साली सुरू झाली. त्या वर्षीच्या अंतिम सामन्यासह २०००, २००३ आणि २००४ अशा चार अंतिम सामन्यांत कनेक्टिकटने टेनेसीला हरवले. समिट आणि कनेक्टिकटचे प्रशिक्षक जीनो ऑरिएमा यांच्यातील शाब्दिक चकमकी वृत्तपत्रांना खाद्य पुरवत. महिलांच्या महाविद्यालयीन सामन्यांना दूरचित्रवाणीवर मोठा प्रेक्षकवर्ग मिळाला तो प्रामुख्याने या सामन्यांमुळे. २००७ नंतर टेनेसीने ही वार्षिक मालिका थांबवली. ती २०२० मध्ये पुन्हा सुरू झाली. फेब्रुवारी २०२५ मध्ये नॉक्सव्हिल येथे टेनेसीने ८०–७६ असा विजय मिळवला. कनेक्टिकटविरुद्ध २००७ नंतरचा हा त्यांचा पहिला विजय होय.

क्रीडागृह

सुरुवातीच्या वर्षांत संघाचे सामने अलम्नाय मेमोरियल जिम या जुन्या व्यायामशाळेत होत. नंतर संघ स्टोकली अ‍ॅथलेटिक सेंटर येथे खेळू लागला. स्टोकलीची इमारत २०१४ साली पाडण्यात आली.

१९८७ च्या अखेरीस टेनेसी नदीच्या काठावर थॉम्प्सन-बोलिंग अरीना सुरू झाले. देणगीदार बी. रे थॉम्प्सन आणि विद्यापीठाचे माजी अध्यक्ष एडवर्ड बोलिंग यांची नावे त्याला देण्यात आली आहेत. मूळ प्रेक्षकक्षमता २४,५३५ होती. पुढील नूतनीकरणात ती कमी होऊन सुमारे २१,७०० झाली. इतके मोठे क्रीडागृह बांधताना पुरुष संघाचे प्रेक्षक डोळ्यांसमोर होते. महिला संघ ते भरून दाखवील असे फारसे कोणाला वाटले नव्हते. ते सुरू होऊन काही दिवसच झाले असताना, ९ डिसेंबर १९८७ रोजी, टेक्सासविरुद्धच्या महिलांच्या सामन्याला २४,५६३ प्रेक्षक आले. सामना टेक्सासने जिंकला. जानेवारी २००६ मध्ये कनेक्टिकटविरुद्धच्या सामन्याला २४,६५३ प्रेक्षक उपस्थित होते आणि तो टेनेसीने ८९–८० असा जिंकला.

२२ मार्च २००५ रोजी याच ठिकाणी पर्ड्यूला हरवून समिट यांनी ८८० वा विजय नोंदवला आणि डीन स्मिथ यांचा विक्रम मागे टाकला. त्यानंतर येथील खेळपट्टीला 'द समिट' असे नाव देण्यात आले. इंग्रजीत या शब्दाचा अर्थ शिखर असाही होतो. पुरुष संघाचे सामनेही याच खेळपट्टीवर होतात. क्रीडागृहाजवळ नोव्हेंबर २०१३ मध्ये समिट यांचा पुतळा उभारण्यात आला. २०२३ पासून, किराणा मालाच्या दुकानांची साखळी चालवणाऱ्या कंपनीशी झालेल्या करारानुसार, इमारतीचे नाव फूड सिटी सेंटर असे झाले आहे. मूळ नावही त्यासोबत वापरले जाते.

स्वतंत्र विभाग आणि नावाचा वाद

१९७६ पासून टेनेसीत महिलांचा क्रीडा विभाग पुरुषांच्या विभागाहून वेगळा होता. त्याला स्वतःचा संचालक, अंदाजपत्रक आणि देणगीदार होते. जोन क्रोनन यांनी १९८३ पासून जवळजवळ तीन दशके तो चालवला. अशी व्यवस्था टिकवून ठेवणाऱ्या अखेरच्या मोजक्या विद्यापीठांपैकी टेनेसी एक होते. २०११–१२ च्या सुमारास दोन्ही विभागांचे एकत्रीकरण झाले.

नोव्हेंबर २०१४ मध्ये विद्यापीठाने जाहीर केले की जुलै २०१५ पासून 'लेडी व्हॉलंटियर्स' हे नाव व चिन्ह फक्त बास्केटबॉल संघ वापरेल आणि महिलांचे इतर सर्व संघ पुरुषांप्रमाणे 'व्हॉलंटियर्स' म्हणवले जातील. नावाआधी 'लेडी' लावल्याने महिला संघ दुय्यम ठरतो, असा आक्षेप अमेरिकेत इतरत्र घेतला गेला होता आणि अनेक विद्यापीठांनी असे उपसर्ग काढूनही टाकले होते. टेनेसीत मात्र विरोध झाला तो माजी महिला खेळाडूंकडूनच. हे नाव पुरुषांच्या नावाचे स्त्रीलिंगी रूप राहिलेले नसून चार दशकांच्या स्वतंत्र कामगिरीची ओळख आहे, असे त्यांचे म्हणणे होते. स्वाक्षरी मोहिमा झाल्या आणि राज्याच्या विधिमंडळातील सदस्यांनीही त्यात लक्ष घातले. सप्टेंबर २०१७ मध्ये विद्यापीठाने निर्णय मागे घेतला आणि सर्व महिला संघांना हे नाव पुन्हा वापरण्याची मुभा दिली.