बाभळीचे गेलेले नाव

थिओडोर कुक यांनी १९०१ ते १९०८ या काळात मुंबई इलाख्यातल्या वनस्पतींचा ग्रंथ प्रसिद्ध केला, तेव्हा बाभूळ, हिवर, देवबाभूळ, खैर आणि शिकेकाई ही पाचही झाडे अकेशिया या एकाच वंशाखाली होती. आजच्या अद्ययावत सूचीत त्यांतले एकही तिथे सापडत नाही. बाभूळ, हिवर आणि देवबाभूळ व्हॅचेलिया या वंशात गेल्या, तर खैर आणि शिकेकाई सेनेगालियात. अकेशिया हे नाव आपल्याकडे आता उरले आहे ते कोकण-गोव्यात सामाजिक वनीकरणात लावलेल्या ऑस्ट्रेलियन बाभळीला आणि बाहेरून आणलेल्या तिच्या काही भाऊबंदांना. ही हकीकत ऐकणारा माणूस बहुधा दोन गोष्टी म्हणतो: शास्त्रज्ञांना दुसरा उद्योग नाही, आणि ऑस्ट्रेलियाने नाव पळवले. दुसऱ्या म्हणण्यात तथ्याचा अंश आहे, पहिल्यात फारसा नाही. अकेशियाचा जुना वंश फुटला तो पुराव्यामुळे. त्याचे नाव कोणाकडे राहावे हे मात्र ठरले रूढीने आणि शेवटी मतदानाने. हे दोन निर्णय एकाच सुमारास झाल्यामुळे लोक त्यांना एकच समजतात, आणि या वादातला बहुतेक गोंधळ तिथून सुरू होतो.

जुना वंश कसा बनला होता ते आधी पाहायला हवे. अकेशिया हे नाव फार जुने. पहिल्या शतकातल्या डायोस्कोरिडीस या ग्रीक वैद्याने इजिप्तमधल्या काटेरी झाडाचे औषध याच नावाने वर्णिले आहे. लिनियसने १७५३ मध्ये मात्र बाभूळ, खैराचे भाऊबंद आणि लाजाळू यांना मिमोसा या एकाच वंशात कोंबले. पुढच्याच वर्षी फिलिप मिलरने अकेशिया वेगळा काढला, पण त्याची हद्द कुठे संपते हे बराच काळ कोणालाच नीट सांगता येत नव्हते. ती आखली इंग्रज वनस्पतिशास्त्रज्ञ जॉर्ज बेंथम याने १८४२ मध्ये. त्याची खूण सोपी होती. फुलात पुंकेसर भरपूर असावेत आणि ते एकमेकांपासून सुटे असावेत. लाजाळूचे पुंकेसर मोजके, म्हणून ती बाहेर. शिरीषाचे पुंकेसर तळाशी जुळून नळी होते, म्हणून तोही बाहेर. सुकवलेला नमुना हातात घेऊन वनस्पती ओळखणाऱ्याला यापेक्षा सोयीची कसोटी मिळणे कठीण होते, आणि म्हणूनच ती शंभर-सव्वाशे वर्षे टिकली. पण पुंकेसर जुळलेले नसणे ही उणेपणाची खूण आहे. ती नातेसंबंध सिद्ध करीत नाही. मिशी नसलेले सगळे एका घराण्यातले म्हणावेत, तसा तो प्रकार होतो. बेंथमलाही वंशाच्या पोटातल्या भेगा दिसत होत्या. त्याने अकेशियाचे सहा गट पाडले होते, आणि आज जे वंश वेगळे झाले त्यांच्या सीमा बऱ्याच अंशी त्याच गटांच्या सीमांवरून जातात. बाभळीचा गट आज व्हॅचेलिया म्हणून ओळखला जातो, खैराचा सेनेगालिया म्हणून.

या भेगा पाहायला सूक्ष्मदर्शक लागत नाही. बाभळीचे काटे सरळ, लांब, पानाच्या बुडाशी जोडीने येणारे. ते मुळात उपपर्णांचे रूपांतर आहेत. खैराचे काटे आखूड आणि आकड्यासारखे वाकलेले; ते सालीवर उगवतात, उपपर्णांशी त्यांचा संबंध नाही. बाभळीची फुले पिवळ्या गोंड्यात, खैराची लांब तुऱ्यात. शिकेकाईची फुले गोंड्यात असूनही काट्यांवरून ती खैराच्या बाजूची ठरते. ऑस्ट्रेलियातल्या बहुसंख्य जातींना असे काटेच नसतात, आणि मोठ्या झाडावर जे पान म्हणून दिसते तो खरे तर पसरून चपटा झालेला देठ असतो. कोवळ्या रोपाला मात्र आधी बाभळीसारखी बारीक पिसासारखी पाने येतात, मग हळूहळू देठच पानाचे काम घेतो. बाहेरच्या या फरकांना आतला आधार मिळाला तो १९६९ मध्ये. पाँडिचेरीच्या फ्रेंच संस्थेने फिलिप गिने यांचा या कुळातल्या परागकणांवरचा अभ्यास प्रसिद्ध केला. परागकणांच्या भिंतीची घडण, तिच्यावरची छिद्रे आणि खाचा या तीन गटांत तीन तऱ्हांच्या निघाल्या. मग १९८६ मध्ये ब्रिस्बेनचे लेस पेडली यांनी उघडपणे मांडले की हे तीन वेगळे वंश आहेत. तोपर्यंत कोणीही या झाडांचा डीएनए वाचलेला नव्हता.

डीएनए आला तो १९९० च्या दशकाच्या अखेरीस, आणि त्याने पेडलींचे म्हणणे नुसते पक्के केले नाही तर पुढे नेले. हरितलवकातल्या जनुकांवरून काढलेल्या वंशवृक्षात बाभळीची फांदी लाजाळू आणि तिच्या आप्तांजवळ निघते, तर ऑस्ट्रेलियन अकेशियाची फांदी शिरीषाच्या गोतावळ्यात. म्हणजे बाभूळ आणि ऑस्ट्रेलियन बाभूळ यांच्यात जितके नाते आहे, त्याहून ऑस्ट्रेलियन बाभळीचे शिरीषाशी अधिक जवळचे आहे. बेंथमने ज्या खुणेवरून शिरीषाला बाहेर ठेवले, ती खूण नात्याच्या बाबतीत निरुपयोगी ठरली. अमेरिकेतले दोन छोटे गटही या झडतीत बाहेर पडले आणि आज जुन्या अकेशियाच्या जागी अनेक वंश उभे आहेत.

यावर एक आक्षेप वजनदार आहे. वंश म्हणजे शेवटी माणसाने आखलेली रेषा. मग ती थोडी मोठी आखून जुने नाव का टिकवू नये? तत्त्वतः आखता येते. पण वंशात एका पूर्वजाची सगळी संतती यायची असेल, तर जुन्या अकेशियात लाजाळू, शमी, सुबाभूळ, शिरीष, विलायती चिंच या सगळ्यांना ओढावे लागेल आणि तीन हजारांवर जातींचा एकच वंश तयार होईल. असले नाव काहीच सांगत नाही. दुसरी वाट म्हणजे नात्याचा आग्रहच सोडून सोयीची कसोटी ठेवणे. क्षेत्रीय ओळखीसाठी ती आजही ठेवायला हरकत नाही. पण वर्गीकरणाकडून अपेक्षा असते ती अंदाजाची: एका जातीत सापडलेले रसायन, डिंक किंवा रोगप्रतिकार भावंड-जातीत शोधावा की नाही, हे त्यावरून कळावे. ज्या वंशातली झाडे परस्परांची भावंडेच नाहीत, तो हे काम करू शकत नाही. फूट अटळ होती, एवढे मी निःशंकपणे म्हणेन.

नावाचे तसे नाही. वनस्पतींच्या नावांचे जे आंतरराष्ट्रीय नियम आहेत त्यांत जुनी रूढी अशी की आधी दिलेले नाव टिकते, आणि वंश फुटला तर नाव त्या तुकड्याकडे जाते ज्यात त्याची नमुना-जाती, म्हणजे वंशाचे नाव जिच्याशी बांधलेले असते ती जाती, असते. अकेशियाची नमुना-जाती होती आपली बाभूळ, जी आफ्रिकेतही आहे. नियमाप्रमाणे बाभळीचा गट अकेशिया राहायला हवा होता आणि ऑस्ट्रेलियातल्या सुमारे हजार जातींना रॅकोस्पर्मा हे नाव घ्यावे लागले असते. पेडलींनी, स्वतः ऑस्ट्रेलियन असून, क्वीन्सलंडच्या जातींना तेच नाव द्यायला सुरुवातही केली होती. या प्रकरणात नियमाशी इतका प्रामाणिक राहिलेला माणूस दुसरा दिसत नाही. पण त्याच नियमांत एक पळवाटही होती, आणि ती चोरवाट नव्हे. १९०५ मध्ये व्हिएन्नात भरलेल्या आंतरराष्ट्रीय वनस्पतिशास्त्र काँग्रेसपासून, नियम अक्षरशः लावल्याने फार उलथापालथ होत असेल तर रूढ नाव राखून ठेवण्याची सोय होती. शेवंतीच्या बाबतीत ती वापरली गेली होती. वंशाची फाळणी झाल्यावर बाजारातली शेवंती डेंड्रँथीमा झाली, बागवान वैतागले, आणि १९९९ मध्ये नमुना-जाती बदलून तिला क्रिसँथिमम हे नाव परत मिळाले. तेव्हा कोणी फारसा आरडाओरडा केला नाही, कारण शेवंती परत मिळण्यात कोणाचेच काही गेले नव्हते.

अकेशियात कोणाचे तरी जाणारच होते. २००३ मध्ये ऑर्चर्ड आणि मॅस्लिन या ऑस्ट्रेलियन अभ्यासकांनी प्रस्ताव मांडला की नमुना-जाती म्हणून एक ऑस्ट्रेलियन जाती घ्यावी. त्यांचा युक्तिवाद आकड्यांचा होता. नमुना बदलला तर व्हॅचेलियाच्या सुमारे १६० जातींची नावे बदलतील, न बदलला तर हजाराच्या आसपास. खैर-शिकेकाईच्या गटातल्या सुमारे २०० जातींना दोन्ही परिस्थितींत अकेशिया सोडावेच लागणार होते, हे खैरासाठी हळहळणाऱ्यांनी लक्षात घ्यायला हवे. नावांचे असे प्रस्ताव तपासणाऱ्या समितीने तो उचलून धरला आणि २००५ मध्ये पुन्हा व्हिएन्नातच तो काँग्रेसच्या सभेपुढे आला. तिथे सुमारे ५५ टक्के मते बदलाच्या विरोधात पडली. तरीही बदल टिकला, कारण समितीची शिफारस फेटाळायला ६० टक्के मते लागतील असे ठरले होते. अल्पमताने जिंकलेला ठराव म्हणून त्यावर पुढे सहा वर्षे कडवट लिखाण झाले. तडजोडीचे प्रस्तावही आले आणि पडले. शेवटी २०११ मध्ये मेलबर्नच्या काँग्रेसमध्ये, म्हणजे नेमके ऑस्ट्रेलियातच, मोठ्या बहुमताने जुना निर्णय कायम झाला.

या निर्णयाचे मी समर्थन करतो, पण हात राखून. हजार नावे वाचवणे हा खरा लाभ आहे. मात्र जाती मोजणे आणि गैरसोय मोजणे या एक गोष्टी नव्हेत. ऑस्ट्रेलियातल्या हजारांपैकी अनेक जाती तज्ज्ञांपलीकडे कोणाला ठाऊक नसतात. बाभूळ मात्र आफ्रिकेच्या सेनेगलपासून आपल्या विदर्भापर्यंतच्या शेतकऱ्याच्या, कातडी कमावणाऱ्याच्या आणि वैद्याच्या व्यवहारात आहे. नांगर, गाडीची चाके, चामड्यासाठी साल, डिंक: यांवरच्या दोन शतकांच्या छापील लिखाणात तिचे नाव अकेशिया आहे, आणि ते सगळे आता पर्यायी नाव शोधून वाचावे लागते. आफ्रिकेतल्या अभ्यासकांची नाराजी भावनिक म्हणून झटकली गेली, ते चुकले. त्या खंडाच्या माळरानाचे चित्र ज्या छत्रीसारख्या झाडाने ओळखले जाते, तेही याच गटातले. दुसऱ्या बाजूनेही भावना होतीच. गोल्डन वॅटल ही अकेशियाची जात १९८८ पासून ऑस्ट्रेलियाचे राष्ट्रीय फूल आहे. व्हॅचेलिया हे नाव परके वाटते, पण त्याचा जन्म दक्षिण भारताच्या वनस्पतींवरच्या ग्रंथातला आहे. वाइट आणि अर्नॉट यांनी १८३४ मध्ये ते देवबाभळीसाठी योजले, चीनमध्ये वनस्पती गोळा करणाऱ्या व्हॅचेल या पाद्र्याच्या सन्मानार्थ. बाभूळ त्यांनी अकेशियातच ठेवली होती.

हा निवाडा नियम नसून अपवाद होता, हे शेजारच्याच वंशात दिसले. शमी आणि वेडी बाभूळ या दोघी प्रोसोपिस वंशातल्या मानल्या जात. २०२२ मध्ये तोही डीएनएच्या आधारावर फोडला गेला. नमुना-जाती होती आपली शमी, सौंदडही म्हणतात ती. म्हणून प्रोसोपिस हे नाव तिच्याकडे आणि तिच्या दोन आशियाई भावंडांकडे राहिले. अमेरिकेतल्या चाळीसहून अधिक जाती, त्यांत आपल्या पडीक जमिनींवर माजलेली वेडी बाभूळही, नेल्टुमा झाल्या. अकेशियाचा आकड्यांचा हिशेब इथे लावला असता तर शमीचे नाव गेले असते. फाळणी करणाऱ्यांनी नमुना बदलण्याची मागणी केली नाही, जुनी रूढी आहे तशी लावली, आणि अमेरिकेतल्या प्रोसोपिसवर आयुष्य घालवलेल्या अभ्यासकांना नवे नाव शिकावे लागले.