तबकडी गेली, मालकीही गेली

1902 सालच्या नोव्हेंबरात कलकत्त्यास गौहरजान यांचा आवाज तबकडीवर उतरला, आणि पुढे हळूहळू गाणे ही आपल्याकडे विकत घेऊन घरी आणायची वस्तू झाली. लाखेची ती तबकडी मिनिटाला 78 फेरे घेई. एका बाजूस जेमतेम तीन मिनिटे! तासभर आळवायचा राग गवयाला तेवढ्यात बसवावा लागे. 1948 साली अमेरिकेत लाँग प्ले तबकडी निघाली, तिच्या एका बाजूस वीसएक मिनिटे मावू लागली. 1982 साली जपानात सीडी विक्रीस आली. तिच्यात तासाहून अधिक गाणे राहू लागले.

श्रोतेहो, आकार बदलला तरी व्यवहार तोच होता. पैसे मोजले की तबकडी आपली. शेजाऱ्याला द्या, नातवासाठी ठेवा, नाही तर जुन्या बाजारात विका.

इंटरनेटवरून वाहत येणाऱ्या गाण्याने हा व्यवहारच पालटला. स्पॉटिफाय ही स्वीडनची सेवा 2008 साली सुरू झाली आणि 2019 साली भारतात आली. लाखो गाणी खिशात आली खरी, पण आपण झालो भाडेकरू. 2023 च्या मार्चमध्ये झी म्युझिकशी नवा करार जुळला नाही, तेव्हा त्या कंपनीची गाणी स्पॉटिफायवर काही काळ दिसेनाशी झाली. कपाटातली तबकडी अशी कुणी उचलून नेली नसती.

म्हणून नवे टाकावे असे नव्हे. खेड्यातल्या पोरालाही आज हवे ते गाणे ऐकता येते, हे काही थोडे नाही. पण जुन्या गवयांचे कितीतरी आवाज आपल्यापर्यंत पोचले, ते कुणीतरी तबकड्या जपल्या म्हणूनच. घरातले कपाट रिकामे करताना एवढे ध्यानात असू द्यावे.